कॅप्टनच्या घरातले दहा नग

पैज लागली ती जिन्यात, रविवारी सकाळी, कचऱ्याच्या बादल्या हातात असताना.

"तुझ्या घरातलं सामान मी दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं, तुझ्या नाकावर टिच्चून बाहेर काढीन," मी म्हणालो. "तू आपला खेळत बस. तुला पत्तासुद्धा लागणार नाही."

कॅप्टन हसला. त्याचं ते हसणं मला फार आवडतं. दुकानात नळ बघायला आलेल्या गिऱ्हाईकाला त्यातलं काही कळत नाही, हे ओळखल्यावर तो असाच हसतो.

हा कॅप्टन म्हणजे माझ्या समोरच्या दारातला शेजारी. चाळिशीला आलेला घोडा. नोकरी नळ, शॉवर आणि बेसिनच्या दुकानात. आयुष्यात होडीत बसलेला नाही. पण त्याच्या व्हिडिओ गेमच्या खेळात तो कॅप्टन असतो, आणि घरातल्या बोलक्या डबीला त्यानं तेच नाव शिकवलंय. कोणी बेल दाबली की आतून गोड आवाज येतो, "कॅप्टन, दारात कोणीतरी आहे." एकदा ऐकलं आणि अख्ख्या इमारतीनं त्याचं खरं नाव टाकून दिलं.

आता त्याच्या घराची कथा ऐका. या माणसानं घरातला प्रत्येक बल्ब, पंखा, एसी त्या खेळाला जोडलाय. खेळात गोळी लागली की घर लाल. बर्फ पडला की एसी सोळावर, वादळ आलं की टेबलफॅन भसाभसा तोंडावर. अंगात एक जाकीट, ते छातीवर थापा मारतं. खुर्ची बुडाखाली थरथरते. एवढं सगळं कशासाठी? तर बसल्या जागी थंडी वाजावी म्हणून! अरे, थंडीच हवी तर हिवाळ्यात पहाटे माझ्या टेम्पोच्या मागे बस की. फुकट वाजेल.

"दादा, तुम्हाला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला. "माझ्या दाराला सेन्सर आहे. दार उघडलं रे उघडलं की खोलीत लाइट चमकतो, स्पीकर गडगडतो, जाकीट दणका देतं. घरसुद्धा खेळात भाग घेतं माझ्या! परवा ही भाजी घेऊन आत आली आणि नेमका त्याच वेळी माझ्यावर मागून हल्ला. काय जमून आलं सांगू!"

"म्हणजे बायको घरात आली ते कळलं तुला?"

"नंतर कळलं. जेवताना."

माझे कान तिथेच टवकारले. सामान हलवण्याच्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली. कुठलं कपाट कुठल्या दारातून कसं निघेल हे मी नुसतं बघून सांगतो. हे कपाट तर स्वतःच्या पायानं चालत बाहेर येत होतं.

अटी ठरल्या. त्याची एक मोहीम, बर्फातला किल्ला, पन्नास मिनिटांची. तेवढ्यात मी दहा नग दाराबाहेर काढायचे, आणि नग म्हणजे दोन माणसांनी उचलायची वस्तू, उशा-चादरी नाहीत. त्यानं एकदा जरी मागे वळून आम्हाला बघितलं, किंवा "कोण आहे?" विचारलं, की मी हरलो. हरलो तर आठ दिवस रोज संध्याकाळी, तो दुकानातून आला की, त्याला पाठुंगळीला घेऊन तीन मजले चढायचे. माझं वय एक्कावन्न, उजवा गुडघा जिन्यात कुरकुरतो, आणि कॅप्टनचं वजन बसून बसून वाढलेलं. तो हरला तर सगळं सामान त्यानं एकट्यानं वर न्यायचं, जाकीट घालून, लिफ्टला हात न लावता.

"आणि खोली माझी," मागून आवाज आला.

कॅप्टनची बायको, आमच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. हातात दातांची पट्टी. पट्टी म्हणजे सोळा नमुन्याचे दात एका ओळीत लावलेले, पांढऱ्यापासून पिवळटपर्यंत. वहिनी दाताच्या डॉक्टरांना कवळ्या आणि दात बनवून देतात. पेशंटच्या दाताचा रंग डॉक्टर कळवतो, त्या पट्टीवरून तो जुळवायचा आणि तसाच दात घडवायचा. नजरेचं काम आहे, आणि उजेडाचं. पुढच्या खोलीत मोठ्या खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. तीन महिन्यांपूर्वी ते उचलून मागच्या गॅलरीत गेलं, वॉशिंग मशीनशेजारी, समोर शेजारच्या इमारतीची भिंत. कारण खिडकीच्या जागी खेळाचा मोठा पडदा आणि पडद्यापुढे कॅप्टन.

"गॅलरीत दिसत नाही म्हणून मी दात पॅसेजमधल्या बल्बखाली धरते," वहिनी मला म्हणाल्या. "परवा एका बाईंचा पुढचा दात केला. मला वाटलं, अगदी जुळला. तर यांच्याकडे तेव्हा बर्फ पडत होता, घरभर निळा उजेड. डॉक्टरांनी परत पाठवला. म्हणाले, तोंडात दुसऱ्याच कोणाचा तरी दात बसवल्यासारखा दिसतोय. हा दुसरा. तिसरा आला परत, तर काम दुसरीकडे देणार."

"अगं, बर्फ काय रोज असतो का?" कॅप्टन म्हणाला.

"नाही. कधीकधी वाळवंट असतं."

"बरं बरं, घे खोली! खिडकी घे, सगळे बल्ब पांढरे कर. हरलो तर ना!" उदारपणे त्यानं बादली हलवली. दादा हरणार यात त्याला शंकाच नव्हती.

पंच म्हणून चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावलं. निवृत्त आहेत, पण हातातलं घड्याळ आणि आवाजातली जरब अजून ड्यूटीवर. मी माझ्या जोडीदाराला फोन केला. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो झाडूच्या काठीएवढा आहे. पण काठी एकदा कपाटाखाली घुसली की कपाट उठतंच.

अकरा वाजता कॅप्टननं जाकीट चढवलं, कानाला हेडफोन लावले, दाराकडे पाठ करून खुर्चीत बसला. फोन उलटा टाकला. त्यावर घराचे निरोप येतात, दार उघडलं, बेल वाजली वगैरे, पण त्यानं खेळाची लय तुटते म्हणून आवाज बंद. घर निळं झालं. एसी गुरगुरायला लागला.

"चालू," नर्सबाई म्हणाल्या.

मी आणि पैलवान मोज्यांवर आत. दार उघडलं, आणि पुढच्या खोलीत फाडकन लाइट चमकला, जाकीट धडधडलं. माझी छाती त्याच्या जाकिटापेक्षा जोरात धडधडली. कॅप्टन खुर्चीतून उसळला.

"मागून आले साले!" तो ओरडला, आणि समोरच्या पडद्यावर दणादण गोळ्या झाडल्या.

पैलवाननं माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं, पण माझाच ओठ थरथरत होता, हसण्यानं.

पहिला नग जेवणाचं टेबल. दुसरा वॉशिंग मशीन. तिसरा पलंग, तो सोडवायला सात मिनिटं गेली. चौथा गादी. खुर्च्या चार होत्या, पण नर्सबाईंनी त्या एकच नग धरल्या, खडूस बाई. दर वेळी दार उघडलं की तेच. लाइट, गडगडाट, धपका, आणि कॅप्टनची गोळी. एकदा पैलवानचं कोपर बेलवर पडलं. बोलकी डबी हेडफोनमध्ये बोलली असणार, कारण कॅप्टन आनंदानं किंचाळला, "आला! मोठा आला! ये, दारातच गाठतो तुला!" आणि आम्ही त्याच्या पाठीमागून सहा फुटांवरून त्याचा सोफा घेऊन गेलो. सहावा नग.

जिन्यात अख्खी इमारत जमली होती. दाराबाहेर नग आला की दहा हात पुढे. खाली अंगणात कॅप्टनचं घर पुन्हा मांडलं जात होतं. कोणीतरी सोफ्यासमोर टेबलसुद्धा ठेवलं, चहाला बरं म्हणून.

सातवा बाजूचा दिवाण. आठवा भांड्यांचं कपाट. वहिनींनी आतली भांडी आधीच पदरात घेतल्यासारखी एकेक करून उतरवली होती, चमचाही वाजला नाही. नववा पुस्तकांचा रॅक, तो त्याच्याच खोलीतला, त्याच्याच पाठीमागचा. पुस्तकं कुठली म्हणा, खेळांचे रिकामे खोकेच होते.

तेवढ्यात तो बोलला.

"अगं, पाणी दे गं."

सगळं थांबलं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, पण मी जवळ होतो. आता माझा स्वभाव म्हणा किंवा खोड म्हणा. पैलवान मान हलवून नको नको म्हणत होता. वहिनी पाणी घेऊन आल्या तसा मी त्यांच्या हातातला पेला घेतला आणि कॅप्टनच्या खांद्यावरून पुढे धरला. माझा हात म्हणजे केसाळ, काळा, अंगठ्याचं नख तुटलेलं, मनगटावर दोरखंडाचा वळ. पडद्यावरच्या बर्फाच्या उजेडात तो लख्ख दिसत होता.

त्यानं पेला घेतला. घटाघटा प्यायला. नजर पडद्यावर.

"थँक्यू, राणी," म्हणाला.

नर्सबाई तोंडावर रुमाल धरून पॅसेजमध्ये पळाल्या. सव्वीस वर्षांत मला कोणी राणी म्हटलं नव्हतं.

राहिली सहा मिनिटं आणि दहावा नग, लोखंडी कपाट. बेडरूममधून निघालं, पॅसेजमधून निघालं, आणि पुढच्या दाराशी माझा गुडघा कुरकुरला. कपाटाचा कोपरा चौकटीवर असा आदळला की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं. खरा आवाज. स्पीकरमधला नाही. हेडफोनमधूनही ऐकू जाईल असा.

कॅप्टनची मान वळली.

माझ्या डोळ्यांपुढे तीन मजले उभे राहिले, आणि पाठीवर तो. पैलवाननं डोळे मिटले. वहिनी भिंतीला टेकल्या, दातांची पट्टी मुठीत गच्च. त्यांना पुन्हा गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी बघवलं नसतं मला, आणि मशीन तर खाली होतं.

मान अर्धी वळून थांबली. नजर पडद्यावरून सुटली नव्हती.

"अगं, ऐकलंस का?" तो खुशीत ओरडला. "भिंत हादरली! उगाच नाही मी तो मोठा स्पीकर घेतला. याला म्हणतात अनुभव!"

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या.

कपाट बाहेर गेलं.

बाकी सगळे खाली जाऊन बसले. पण वहिनी, नर्सबाई आणि मी शेवट बघायला दारातच थांबलो. किल्ला पडला. घर सोनेरी झालं. डबी गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन, कॅप्टन. मोहीम फत्ते. घर सुरक्षित आहे."

कॅप्टननं हेडफोन काढले. उठला, हात वर करून आरोळी ठोकली. रिकाम्या घरात ती आरोळी चारी भिंतींना आपटून परत आली.

"वा," तो म्हणाला. "हा इफेक्ट नवीन आहे."

मग वळला.

सोफा बघायला तो दोनदा त्याच जागी गेला. बेडरूममध्ये गेला, तिथून आवाज आला, "अगं, पलंग?" स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगं, टेबल?" आणि मग फोन उचलून जिन्यातून धाडधाड खाली, मागून मी आणि नर्सबाई. अंगणात त्याच्या सोफ्यावर तळमजल्यावरच्या आजोबांनी पाय पसरले होते. दिवाणावर पैलवान.

"चीटिंग आहे!" कॅप्टन लालबुंद झाला, आणि या वेळी बल्बाशिवाय. "सेन्सर बंद केले तुम्ही! नाहीतर मला घरानं सांगितलं असतं!"

"सांगितलं की," मी म्हणालो. "अकरा वेळा दार उघडलं, अकरा वेळा घरानं सांगितलं. तू दर वेळी त्याला गोळी घातलीस. फोन बघ तुझा."

त्यानं हातातला फोन बघितला. अकरा निरोप होते, वेळेसकट. बेलचा धरून बारा. दारावरच्या कॅमेऱ्यात पैलवानचा फोटोसुद्धा होता, गादी डोक्यावर, दात विचकून.

"शिवाय पाणी मी दिलं," मी म्हणालो. "तू मला राणी म्हणालास."

"मी साक्षीदार," नर्सबाई म्हणाल्या. "निकाल लागला. उचला."

अंगणात असा हशा झाला की वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. कॅप्टननं इकडेतिकडे बघितलं. कोणी जागचं हललं नाही. आजोबांनी फक्त पाय थोडे आखडून घेतले, चहा सांडू नये म्हणून.

मी म्हणालो, "आधी काय न्यायचं ते वहिनी सांगतील."

वहिनी वरून पॅसेजच्या खिडकीतून बोलल्या. "खालचं राहू दे. आधी गॅलरीतलं माझं टेबल पुढे आण. आणि तो पडदा काढ."

गेला बिचारा वर. बिचारा म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणालो. आम्ही मागोमाग चढलो, तमाशा कसा सोडायचा! त्यानं पडदा काढला, स्पीकर गॅलरीत टाकले, टेबल ओढत ओढत खिडकीपाशी आणलं. बल्ब पांढरे केले, सगळे. मग खुर्च्या आणायला खाली. एका वेळी एक.

आता गंमत अशी की बल्ब त्यानं खेळापासून सोडवले होते, दार सोडवायचं राहिलं होतं. पहिली खुर्ची डोक्यावर घेऊन, घामाघूम, तो दारातून आत आला आणि जाकिटानं त्याच्या छातीवर दणका दिला. खुर्ची उडाली. "काढू का हे?" त्यानं विचारलं.

"अटीत आहे," नर्सबाई म्हणाल्या.

दुसरी खुर्ची, दुसरा दणका. तिसरी, तिसरा. जिन्यातली पोरंटोरं मोजायला लागली, मोठेही मोजायला लागले. वॉशिंग मशीन त्यानं एकेक पायरी चढवलं, आणि दारात पोचल्यावर डोळे घट्ट मिटून, दणका बसायच्या आधीच "आई गं" म्हणाला.

वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. पट्टीतला एक दात उचलून, तयार दाताशेजारी धरून, दुपारच्या उजेडात निरखत होत्या. मागे धडधड झाली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"पलंग राहिलाय अजून," त्या म्हणाल्या.