विहिरीचं पाणी बेचाळीस

मी एक जुना मीटर आहे, मित्रांनो. विजेचा नाही आणि टॅक्सीचाही नाही. मी पाण्याचा मीटर. जाड पेनाएवढं माझं अंग, पिवळ्या प्लॅस्टिकचं. खाली धातूच्या दोन बारीक काड्या आणि वर आकडे दाखवणारी छोटीशी काच. काड्या पाण्यात बुडवल्या की त्या पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मी आकड्यात सांगतो. पाण्यात जंतू आहेत का, विष आहे का, हे मला कळत नाही. क्षार तेवढे कळतात. पण जे कळतं त्यात मी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण खोटेपणाचा आळ माझ्यावर आला होता आणि तो अजून मला झोंबतो.

सिंगापूरला सेंगकांगमध्ये आमच्या ब्लॉकखाली हार्डवेअरचं एक दुकान आहे. तिथे बल्ब आणि मोजपट्ट्यांच्या मध्ये मी टांगलेला होतो. हर्षाने मला तिथून घरी आणलं. हर्षा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये रसायनशास्त्राचं काम करते. तिचा नवरा नागसेन इंजिनिअर. मुलगी एकता दहा वर्षांची. आणि नागसेनचे वडील मनोहर आजोबा, अकोल्याच्या पोस्टातून निवृत्त झालेले. आजी गेल्यापासून ते वर्षातले काही महिने मुलाकडे येऊन राहायचे.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. एकताने मला कशाकशात म्हणून बुडवलं नाही! नळाचं पाणी, एसीतून ठिबकणारं पाणी, माशांच्या टाकीतलं पाणी. एकदा तर हॉकर सेंटरमधून, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतून, आणलेल्या सुपात बुडवून ती सिंगापुरी पोरांसारखा 'लाह' जोडून ओरडली होती, "पापा, सूप इज सो सॉल्टी लाह! मीटर इज गोइंग क्रेझी!" त्या सुपाने माझा जीव खरंच घुसमटला होता. पण हर्षाने मला स्वच्छ धुतलं, पुसलं आणि म्हणाली, "हा आपल्या घरातला सगळ्यात सरळ माणूस आहे. विचाराल तेवढंच सांगतो." आमच्या नळाचं पाणी मी रोज एकशे दहा, एकशे बारा असं दाखवायचो. मला वाटायचं, आयुष्य असंच जाईल.

पण मनोहर आजोबांच्या मनात एक इच्छा होती आणि तिनेच मला या सगळ्यात ओढलं.

आजोबा लहान असताना त्यांच्या गावच्या विहिरीला त्यांच्या घरच्यांनी हात लावायचा नाही, अशी रीत होती. त्यांची आई कळशी घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. आजोबांनी हे एकताला एकदाच सांगितलं, तेही रडून नाही, सरळ बोलले. मग म्हणाले, "मले मरायच्या आधी एक करायचं हाय. आपल्या मालकीची विहीर. दोर माझा, बादली माझी. सकाळी उठून आपल्या हातानं पाणी शेंदायचं अन् प्यायचं. बस." वऱ्हाडातलं ते बोलणं एकताला अर्धंच कळलं, पण ती त्यांना बिलगली.

अशी विहीर शोधून काढली उज्ज्वलने. उज्ज्वल म्हणजे नागसेनचा चुलतभाऊ. आजोबांना तो मोठेबाबा म्हणतो. अकोल्यापासून थोड्या अंतरावर गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण आणि अंगणात गोल कठड्याची विहीर. त्याने फोटो पाठवले. आजोबांनी विहिरीचा फोटो इतक्या वेळा बोटांनी मोठा करून पाहिला की नागसेन म्हणाला, "बाबा, फोटोतून पाणी नाही येणार." सगळे हसले. आजोबाही हसले, पण फोन काही खाली ठेवला नाही.

हर्षा मात्र हसता हसता गंभीर झाली. "घर घ्यायच्या आधी पाणी तपासायला हवं. तो सगळा खारपाणपट्टा आहे. तिथे कितीतरी विहिरी खारट निघतात. उज्ज्वलला सांग, बाटली भरून अकोल्याच्या लॅबमध्ये दे."

उज्ज्वल फोनवर म्हणाला, "वहिनी, लॅबबिबचं काढू नका. गावात बोभाटा होईल. घरमालकाले वाटंल आपण संशय घेतो. त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक उभं हाय."

हर्षा गप्प बसणारी नव्हती. पण आजोबाच मध्ये पडले. ते शब्द मी टेबलावरून ऐकले. "हर्षा, आमच्या हातानं पाणी बाटतं म्हणत होते लोक. आमच्या पाण्याला नावं ठेवून त्यांनी आमचा जन्म घालवला. आता मी कोणाच्या विहिरीला अशुद्ध म्हणू? मले नाही जमणार."

शेवटी तडजोड निघाली, लॅबऐवजी मीटरने मोजायचं, आणि ती तडजोड म्हणजे मी. नागसेनला सुट्टी मिळत नव्हती. ओळखीच्या सुनेत्राताई नागपूरला निघाल्या होत्या. त्यांच्या बॅगेतून मी गेलो, पुढे एसटीच्या पार्सलने उज्ज्वलकडे पोचलो. फार मोठी कामगिरी मिळाली म्हणून मी छाती फुगवून बसलो होतो. मूर्ख मी!

उज्ज्वल मला घेऊन त्या अंगणात गेला. विहीर खरंच देखणी होती. त्याने बादली सोडली, पाणी काढलं आणि मला बुडवलं. मित्रांनो, ते पाणी दिसायला इतकं नितळ होतं की मलाही मोह पडला. पण काड्यांना लागताच कळलं. मी आकडा दाखवला: दोन हजार तीनशे दहा. पिण्याचं पाणी पाचशेच्या आत असावं, असं हर्षा सांगायची.

उज्ज्वलने आकडा पाहिला. तोंडाने "च्यामारी" म्हणाला. मला बाहेर काढून पुन्हा बुडवलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तो थोडा वेळ कठड्यावर बसून राहिला. मग उठला, मोटरसायकलला अडकवलेला पाण्याचा कॅन काढला. हा कॅन म्हणजे गावोगाव विकतात ते मशीनने क्षार काढून गाळलेलं पाणी. तिथल्या विहिरी खारट आहेत म्हणूनच तर ते विकलं जातं! त्याने स्टीलचा ग्लास कॅनमधल्या पाण्याने भरला, मला शर्टाला पुसलं आणि सिंगापूरला व्हिडिओ कॉल लावला.

"मोठेबाबा, पाहा बरं! आत्ता शेंदलं." त्याने फोन विहिरीवर फिरवला, बादलीवर फिरवला आणि मग ग्लासात मला बुडवलं.

मी काय करू शकत होतो? मला तोंड नाही. ज्या पाण्यात बुडवाल त्याचाच आकडा मला दाखवता येतो. मी दाखवला: बेचाळीस. त्या बेचाळीसमध्ये जीव तोडून ओरडत होतो मी. अरे, दगडामातीतून झिरपलेलं पाणी बेचाळीस कसं असेल? सिंगापूरचा नळ एकशे दहा दाखवतो! बघा ना आकड्याकडे!

पलीकडे आजोबांच्या डोळ्यांना धार लागली होती. एकताचा आवाज आला, "आजोबा, व्हाय क्राय? नंबर इज व्हेरी गुड लाह!"

एकटी हर्षा म्हणाली, "नागसेन, आकडा फार कमी आहे. विहिरीचं पाणी एवढं कमी नसतं. त्याला दुसरी बादली काढायला सांग, आपल्यासमोर बुडवायला सांग."

नागसेनचा चेहरा उतरला. "म्हणजे तो खोटं बोलतोय? हर्षा, तो माझा भाऊ आहे. माझ्या बाबांना मोठेबाबा म्हणतो तो." पाणी तपासायचं राहिलं बाजूला, भाऊ तपासायची वेळ आली आणि भावाला कोण तपासतं?

कॉल संपल्यावर उज्ज्वलने माझ्या पाठीचं झाकण उघडलं आणि सेल काढून विहिरीमागच्या गवतात फेकले. माझी काच काळी पडली. उलट्या काळजाचा माणूस पाहिला तो मी असा, अगदी जवळून.

घराचा व्यवहार झाला. आजोबा तिथे राहायला आले. मला स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं होतं, तिथून अंगण दिसायचं. आजोबांनी विचारलं तर उज्ज्वल म्हणाला, "ते बिघडलं, मोठेबाबा. चायनाचा माल."

पाच महिने मी मुका होऊन त्या फळीवरून पाहत होतो. पहिल्या सकाळी आजोबांनी पांढरा सदरा घातला, स्वतः दोर ओढला, ओंजळ भरून प्यायले. घोट घेताना ते क्षणभर थांबले. मला दिसलं ते. मग त्यांनी दुसरा घोट घेतला, आणि तिसरा.

डाळ शिजेना. चहात दूध घातलं की फाटायचं. साबणाला फेस येईना, भांड्यांवर पांढरी पुटं चढू लागली. आणि नागसेनचा फोन आला की आजोबा म्हणायचे, "पाणी? अरे, लय गोड!" स्वतःच्या विहिरीला खारट म्हणणं त्यांच्या जिवावर आलं होतं. मला त्यांचाही राग यायचा आणि त्यांच्यासाठी गलबलूनही यायचं.

उज्ज्वल आठवड्यातून एकदा यायचा. आजोबा त्याच्यासमोर तांब्या ठेवायचे. तो म्हणायचा, "तहान नाही, मोठेबाबा." पुढच्या वेळी म्हणायचा, "आत्ताच पिऊन आलो." भर उन्हात मोटरसायकलवरून आलेल्या माणसाला तहान नाही! एकदा जाताना त्याने अंगणाबाहेर गाडी थांबवली, डिकीतून बाटली काढली आणि घटाघट प्यायला. आजोबा दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. मग आत आले, तांब्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि मला फळीवरून खाली घेतलं.

तोवर त्यांचे पाय सुजायला लागले होते. नागसेनने त्यांना तपासणीसाठी सिंगापूरला बोलावून घेतलं. आजोबांनी बॅगेत दोन गोष्टी टॉवेलात गुंडाळून ठेवल्या. एक मी आणि दुसरी विहिरीच्या पाण्याची बाटली.

सेंगकांगच्या त्या टेबलावर बाटली ठेवून ते म्हणाले, "हर्षा, याले नवे सेल घाल."

हर्षाने सेल घातले. काच उजळली. आधी तिने मला नळाच्या पाण्यात बुडवलं: एकशे बारा. मग बाटलीतल्या: दोन हजार दोनशे नव्वद.

डॉक्टरांनी सांगितलं की किडनीला इजा झाली आहे. सगळा दोष पाण्याचाच म्हणता येणार नाही, वय आहे, रक्तदाब आहे, पण ते पाणी आता एक घोटही नको.

नागसेनने स्पीकरवर फोन लावला. उज्ज्वल आधी म्हणाला, "दादा, तो मीटरच खराब होता." ऐकलंत, मित्रांनो? मी खराब! मग हर्षाने एकशे बाराचं सांगितलं, बेचाळीसचं विचारलं, तेव्हा तो अडखळला. "व्यवहार मोडला असता ना दादा. मालकानं मले दलाली कबूल केली होती. अन् मोठेबाबाले विहीर पाहिजेच होती. मले वाटलं, पाण्याचं काय, लोक पितातच की."

आजोबांनी फोन स्वतःपुढे ओढला. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"उज्ज्वल, लहानपणी आमच्या घरी येऊन पाणी न पिणारी माणसं मी लय पाहिली. दारात उभी राहायची अन् म्हणायची, तहान नाही. त्याचं मले कधी वाईट वाटलं नाही, ती परकी होती. तू माह्या घरचा पोरगा. तू माह्या विहिरीवर बसून म्हणाला, तहान नाही. माह्या मायले वरून ओतलेलं पाणी प्यायला लागलं. कुठलं हाय, कसं हाय, हे विचारायची सोय नव्हती तिले. मले होती. मी विचारलं नाही, कारण समोर तू होता."

त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, त्या अंगणातल्या विहिरीवर आता पाटी आहे. आजोबांनी शेजाऱ्यांकडून लावून घेतली. पाणी खारट आहे, पिऊ नये. ही विहीर विकायची वेळ आली तरी पाटी काढायची नाही, असं त्यांनी नागसेनला बजावलंय.

तुम्ही मोठे व्हाल, कुठे तरी घर घ्याल. तेव्हा विहिरीचं पाणी तपासा. आपल्या डोळ्यांदेखत बादली काढा, आपल्या हाताने बाटली भरा आणि लॅबमध्ये द्या. मला एकट्यालाच विचारून थांबू नका. आणि माझा आकडा पाहण्याआधी विचारा, हे पाणी काढलं कुठून? कुणाला राग आला तर येऊ द्या. ज्याच्याकडे चांगलं पाणी आहे त्याला राग यायचं कारण नाही.

मी आता पुन्हा सेंगकांगलाच असतो. पण खेळायला कुणी घेत नाही. माझं काम आता एकच. सकाळी हर्षा आजोबांना पाण्याचा ग्लास देते. त्या फोननंतरच्या पहिल्या दिवशी त्यांनी तो हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. मग संकोचाने टेबलावरून मला उचललं आणि तिच्यासमोरच ग्लासात बुडवलं. एकशे दहा. मग प्यायले. त्यांना मान वर करून तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून हर्षा ग्लासाबरोबर मलाही आणून ठेवते.