पांढऱ्या पायाची

मानमोडीच्या तापाच्या साथीत टाकव्याला बयाबाई आणि तिचा नवरा चार दिवसांच्या अंतरानं गेले. मागं राहिली सात वर्षांची ठकू. बयाबाईची थोरली बहीण कस्तुराबाई तिला आपल्या घरी वडिवळ्याला घेऊन आली. बहिणीसाठी रडायलाही तिला सवड मिळाली नव्हती. भात कापणीला आला होता आणि गावात विळा धरायला धड माणूस उरलं नव्हतं.

पोर रडत नव्हती, नुसती ओट्यावर बसून राहायची.

तिसऱ्या दिवशी कस्तुराबाईचा नवरा कोंडाजी शेतातून लवकर परतला. डोळे लाल, अंगाचा नुसता विस्तव. शेजारच्या रतनबाईनं दारातूनच पाहिलं, पदर नाकाला लावला आणि ठकूकडं बघत म्हणाली, "पांढऱ्या पायाची हाय ही. आईबाप खाल्ले, आता तुझ्या घरात शिरली."

कस्तुराबाईनं तिला तिथंच गप्प करायला हवं होतं. पण तेच तिच्याही मनात येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी वातात बरळू लागला. नाकातून रक्त आलं. बयाबाईच्या नवऱ्यालाही शेवटच्या दिवशी असंच झालं होतं. कस्तुराबाई फडकं पिळायला बाहेर आली, तर ओटा रिकामा.

परसात नाही, गोठ्यात नाही. मग तिला टाकव्याच्या वाटेवरची नदी आठवली. तरी ती क्षणभर दारातच अडकली. मनाचा एक कोपरा म्हणत होता, गेली तर जाऊ दे. तापापेक्षा तिला त्या विचाराचीच जास्त भीती वाटली. ती धावत सुटली.

ठकू पाण्याच्या अगदी कडेला उभी होती. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत तव्यामागची काजळी फासलेली. पाण्यात उतरलं तर काळं धुऊन जाईल म्हणून थबकली होती.

"कुटं चाललीस?"

"घरला."

"तितं कोन हाय आता?"

"कोनी न्हाई. म्हून तर. तितं माज्यामुळं कोनी मरायचं न्हाई."

कस्तुराबाई चिखलातच खाली बसली. "ठके, रतनबाई बोलली ते मला बी खरं वाटलं व्हतं. म्या घाबरले व्हते." पोरीनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "पर तुझे आईबाप तापानं गेले. तू कदी पाऊल ठेवलं न्हाई त्या गावांत बी घरंच्या घरं बसली. तू काय बी केलं न्हाईस."

"काका मरंल का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "ठावं न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. "मला बी लय भ्या वाटतंय. पर कायबी झालं तरी तू माज्यापाशीच ऱ्हाशील."

मग तिला बहिणीचं रडू फुटलं, इतक्या दिवसांचं. ठकू तिच्या कुशीत शिरली आणि तिनं आईच्या नावानं हंबरडा फोडला.

घरी आल्यावर कस्तुराबाईनं कोंडाजीसाठी केलेल्या पेजेची वाटी ठकूच्याच हातात दिली. रतनबाई दारातून बघत होती. तिच्याकडं पाठ करून कस्तुराबाईनं पोरीला आत नेलं. कोंडाजी अजून फणफणत होता.

पाचव्या दिवशी ताप उतरला. कोंडाजी वाचला, हाडांचा सापळा होऊन.

ठकूची भीती मात्र लगेच गेली नाही. शिमग्यापर्यंत ती रोज सकाळी त्याच्या नाकाखाली तळहात धरून श्वास बघायची. कोंडाजी बहुतेकदा जागाच असे. तो डोळे मिटून पडून राही आणि तिला नीट लागावा म्हणून श्वास जरा जोरानं सोडी.