देव्हाऱ्यातली खापरी

मी एक जुनी खापरी आहे, मित्रांनो. सिंगापूरला, बिशानच्या एका फ्लॅटमध्ये दोन वर्षं मी देव म्हणून बसले, हे सांगताना मान खाली जाते.

जपानमध्ये पाचेक हजार वर्षांपूर्वी एका बाईने मातीच्या वळ्या रचून मडकं घडवलं आणि ओल्या अंगावर पिळाची दोरी फिरवून नक्षी उठवली. त्यात मासे शिजायचे. मडकं फुटलं, मी मातीत गेले. कितीतरी काळाने तिथे शिंतो या जपानी धर्माचं देवस्थान उभं राहिलं. त्या देवाशी माझं नातं एवढंच, की जागा एक.

२०१४ साली सुनेत्राआजी सिंगापूरहून मुलासोबत तिथे फिरायला आल्या. बाकीचे समोरूनच दोन टाळ्या वाजवून, वाकून निघून जात. आजींना प्रदक्षिणेशिवाय चैन पडेना. त्या एकट्याच देवळामागे आल्या आणि पावसाने उघडी पडलेली मी त्यांना दिसले. "देवानेच दिलं," म्हणत त्यांनी मला रुमालात बांधलं.

मग रोज दुधाचं स्नान, कुंकू, नैवेद्य. मुलाचा, म्हणजे रुचिरचा, पीआरचा, म्हणजे सिंगापूरला कायमचं राहण्याचा, अर्ज दुसऱ्या खेपेला मंजूर झाला, तेव्हा पहिला पेढा माझ्यापुढे आला. "तूच केलंस रे बाबा!" मी कसलं करतेय? पण खरं सांगते, मला ते आवडलं. दुधाने नक्षी झिजत होती, तरी मी फुगून बसले. दुसऱ्यांसाठी रांधणारी मी, आयतं खायला शिकले.

नात इरा एकदा शाळेच्या प्रोजेक्टसाठी जुन्या जपानी मडक्यांचं पुस्तक घेऊन आली. माझ्या खाचांत कुंकू बसून दोरीचा पीळ लालभडक उठला होता. चित्र माझ्याशेजारी धरून ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजी, धिस वन नॉट गॉड लाह! कुकिंग पॉट आहे! तू विचारून आणलंस?"

आजींचा चेहरा उतरला. "नाही गं. देवाच्या दारातून न विचारता उचललं, आणि वर त्याच्याकडेच मागत बसले."

त्या माझ्याकडे बघेनात. मलाही कुठे तोंड लपवू असं झालं.

रुचिरने देवस्थानाला माफीचं पत्र लिहिलं. मला पोस्टाने पाठवू म्हणाला. आजी म्हणाल्या, "नको. मी उचललं, मीच नेऊन देईन."

आज जपानला निघायच्या सकाळी त्यांनी नैवेद्य दाखवला नाही. माझ्या खोलगट पोटात साखरफुटाणे घातले आणि मला इरापुढे धरलं. "घे. वाढायचं काम हिचं."

मित्रांनो, देवळाच्या अंगणातला खडाही न विचारता उचलू नका. उचललाच, तर परत न्यायला लाजू नका. माझी लाज अजून गेलेली नाही. पण त्या मूठभर फुटाण्यांपुरती मी पुन्हा मडकं झाले.