सर्कशीतला ड्रम

दाराची मूठ हातात आली तेव्हा मला आधी लाजच वाटली. धाकट्याच्या खोलीतली एखादी वस्तू माझ्या हातून मोडली, की तो पुढे आठवडाभर येईल त्याला ते रंगवून सांगतो. मी मूठ पुन्हा बसवायला गेलो, तर तिच्यातला लोखंडी गज दारातून पलीकडे सरकला आणि बाहेर पडला. पडल्याचा आवाज आला नाही. त्या खोलीतून बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. त्याने ती मुद्दाम तशी करून घेतली आहे.

मागे वळून पाहिलं आणि लाज कुठल्या कुठे गेली. माझा धाकटा भाऊ स्टुलावरून घसरून जमिनीवर बसला होता. एक हात छातीवर. चेहरा ओल्या कागदासारखा.

दोनच मिनिटांपूर्वी मी चहा घेऊन आलो होतो. दुपारचा चहा मीच करतो. खोलीबाहेरचं बटण दाबलं की आत लाल दिवा लागतो, धाकटा ड्रम वाजवायचं थांबवतो आणि मग मी जड दार ढकलून आत जातो. रोज तो म्हणतो, "या, वाळवीदादा." मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून मी वाळवी. आज तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "दादा, छातीवर कुणीतरी बसलंय रे." मी ट्रे खाली ठेवला आणि फोन आणायला वळलो. फोन बाहेर ठेवायचे हा त्याचा नियम. आत फोन थरथरला तरी ड्रमखालच्या तारा कुरकुरतात, ते त्याला खपत नाही. दोघांचेही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते.

मी दारावर मुठी आपटल्या. दाराला आतून जाड स्पंजची गादी आहे. उशीवर बुक्क्या माराव्यात तसं झालं. मग ओरडलो. मला ओरडता येत नाही. इतकी वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला माणूस मी, माझ्या तोंडून पहिल्यांदा आलं ते "अहो, जरा ऐकता का?" हे शब्द मी खरंच उच्चारले. स्वतःच्याच कानांवर विश्वास बसेना. दुसऱ्यांदा मोठ्याने ओरडलो, तर आवाज भिंतींनी गिळून टाकला.

आणि सभोवती काय होतं? माणसाने मोठा आवाज करण्यासाठी जे जे म्हणून शोधून काढलं, ते बहुतेक सगळं. मधोमध त्याचा रोजचा संच. तीन भिंतींना मांडण्या, त्यांच्यावर लाकडाचे, पितळेचे, पोलादाचे ड्रम, कमरेइतके उंच काँगो, जोडीने बांधलेले बाँगो, खुळखुळे, खंजिऱ्या, लोखंडी त्रिकोण. खुंट्यांवर टांगलेल्या झांजा, काही तर जेवणाच्या मोठ्या परातीएवढ्या. आयुष्यभर वाद्यवृंदात आणि स्टुडिओत वाजवून, पोटाला चिमटा काढून त्याने हे एकेक गोळा केलेलं. मी त्यातल्या कशालाही परवानगीशिवाय बोट लावलेलं नव्हतं.

जमिनीवर पडलेल्या काठ्या उचलल्या आणि समोरच्या झांजेवर मारल्या. मग छोट्या ड्रमवर. पुन्हा झांजेवर. माझ्याच कानठळ्या बसल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले. थांबलो, तेव्हा धाकटा मान हलवत होता.

"वरचा आवाज… जात नाही," तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. "खालचा जातो. मोठा वाजव."

खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. खोली अशी बंदिस्त करून घेतल्यावरही त्या दोनदा वर आल्या होत्या. झांजा नाही, पण धम्म धम्म छतातून येतं, म्हणाल्या होत्या. तेव्हा धाकट्याने टेनिसच्या जुन्या चेंडूंच्या रांगा लावून त्यांच्यावर फळ्या टाकल्या आणि संच त्या चौथऱ्यावर चढवला. त्यानंतर बाई आल्या नाहीत. म्हणजे चौथऱ्यावर वाजवून उपयोग नव्हता. संचातला मोठा ड्रम खाली घ्यावा म्हणून ओढला, तर त्याला पाच ठिकाणी काय काय जोडलेलं. कुठला स्क्रू कशाचा, मला कुठे माहीत? सगळा संच खडखडला, एक झांज स्टँडसकट आडवी झाली आणि ड्रम तसूभरही हलला नाही.

सुटा असा एकच मोठा ड्रम होता. खालच्या मांडणीवर, पांढऱ्या चादरीखाली. बंद पडलेल्या एका सर्कशीच्या बँडमधला. वासराच्या कातड्याचा, लाकडी कडांचा, लाल रंगाचे पोपडे निघालेला. असं कातडं आता मिळत नाही, असं धाकटा सांगतो, खरं असेल. तो स्वतःही त्याला बोटांच्या टोकांनीच वाजवायचा.

मी चादर ओढली.

"तो नको," धाकटा म्हणाला.

मी थबकलो. त्याचे ओठ निळसर झाले होते, घाम हनुवटीवरून ठिबकत होता आणि तो मला सांगत होता, "दादा… तो नको. दुसरा घे."

"दुसरा निघत नाही रे!"

"डावीकडचा… स्क्रू…"

डावीकडे नऊ स्क्रू होते. एरवी कुणी नको म्हटलं की मी हात मागे घेतो. दुकानदाराने भाव सांगितला की तोच देतो. आज धाकट्याकडे पाठ केली. गालिच्याचा कोपरा उचकटला, खालचं रबर फाडून ओढलं. फरशी दिसली. ड्रम मिठी मारून उचलला आणि उघड्या फरशीवर आडवा ठेवला. कमरेत कळ गेली. मांडणीवरचा लोकरीच्या गोळ्याचा दांडा घेतला आणि मारला.

तो आवाज कानांनी ऐकण्याचा नव्हताच. तळपायांतून वर चढला. चहाचे कप ट्रेमध्ये हलले.

मी मारत सुटलो. ताल आमच्या सात पिढ्यांत फक्त धाकट्याकडे आला आहे. माझे ठोके म्हणजे जिन्यावरून गडगडत येणारी पोती. मधे मधे मागे पाहत होतो. त्याचे डोळे मिटलेले. मी नावाने हाक मारली. डोळे उघडले नाहीत. मी अजून जोरात मारलं, आणि फाटकन कातडं फाटलं. दांड्यासकट माझा हात कोपरापर्यंत आत गेला.

इतकी शांतता मी ग्रंथालयातही अनुभवली नाही.

हात बाहेर काढला तर फाटलेल्या कातड्याने तो ओरबाडला होता. दांडा आतच राहिला. मी ड्रम कडेला धरून उचलला आणि फरशीवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. लाकडी कड तडकली. लाल पोपडे उडाले. लहानपणी आईने मला साधी पाटीसुद्धा फोडताना पाहिलं नव्हतं. आपटता आपटता बघतो, तर धाकट्याचे डोळे सताड उघडे. माझ्याकडेच बघत होता. त्या नजरेत दुखणं होतं की माझ्यावरचा राग, मला सांगता येणार नाही.

दार उघडलं ते मला कळलंच नाही.

"अहो, काही जनाची मनाची! माझी रिळांची सगळी फळी खाली आली!"

शिवणाऱ्या बाई. गळ्यात माप घ्यायची फीत, कानामागे खडू, एका हातात आमच्या दाराचा तो लोखंडी गज, बाहेरून भोकात घालून फिरवलेला. आमचं बाहेरचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असतं. त्या भांडायला आल्या होत्या, हे त्यांच्या पदर खोचण्यावरून दिसत होतं. पण त्यांची नजर धाकट्याकडे गेली, मग फुटलेल्या ड्रमकडे, मग माझ्या रक्ताळलेल्या हाताकडे.

"काका, तुम्ही यांना मारलंत की काय?"

मी नुसतं त्याच्या छातीकडे बोट दाखवलं.

नंतरचं सगळं त्यांनी केलं. फोन लावला, पत्ता सांगितला, धाकट्याची मान उचलून मांडीवर घेतली. मी दार धरून उभा होतो. ते पुन्हा बंद होईल या भीतीने सोडवेना. रुग्णवाहिकेची वाट पाहताना त्या म्हणाल्या, "मला वाटलं, चोरबीर शिरला. हे वाजवणं त्यांचं नव्हे, एवढं कळलं."

"तुम्हाला खाली अजून ऐकू येतं?" मी विचारलं.

"येतं की, बारीक. मशीन त्या तालावरच चालते माझी." धाकट्याच्या कपाळावरचा घाम त्यांनी हातातल्या चिंधीने टिपला. "ते कधी चुकत नाहीत हो."

धाकट्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. त्याच्या नाकात नळी, दंडाला सुया, हनुवटीवर पांढरे खुंट. मी खुर्ची हळूच ओढली, तरी ती करकरली. त्याने डोळे उघडले. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो. नेहमीप्रमाणे जुळत नव्हतं.

"सांगितलं होतं," तो म्हणाला, "तो नको."

इकडे मी रात्रभर बाकावर बसून याच्या श्वासांची काळजी केली, आणि याचं पहिलं वाक्य हे!

"ऐकलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"मग काय? फोडला."

असं उत्तर मी त्यालाच काय, कुणालाच कधी दिलं नसेल. ते माझ्याच तोंडून आलं याचा मला धक्का बसला.

"दुसऱ्या बाजूचं कातडं?"

"तेही गेलं. कडसुद्धा तडकली."

त्याने डोळे मिटले. मिटलेल्या पापणीखालून पाणी कानाकडे गेलं. माफ कर, हे शब्द सवयीने माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले.

"रागावलास?"

"हो," तो म्हणाला. "खूप."

परिचारिका आली. वेळ संपली, आता उठा म्हणाली. मी उठायला गेलो, तर उठता येईना. त्याने माझी बाही घट्ट धरली होती. परिचारिकेने दोनदा सांगितलं, एकदा दटावलंही. तो तोंड भिंतीकडे करून पडला होता, माझ्याकडे बघायला तयार नव्हता, आणि बाही काही सोडत नव्हता. मी पुन्हा खुर्चीवर बसलो.