रेतीवर भाजलेल्या वड्या

“बाबा, वाटी म्हंजे वाटी. तुमी बारूद नाही भरून राहिले,” फोनमधून रीना म्हणाली.

“तरी बी. किती ग्रॅम, ते सांग. आपल्या घरात तीन मापाच्या वाट्या हायेत.”

रीना थकल्या आवाजात हसली. तिकडे इंग्लंडात पहाटेचे पाच वाजले होते. तिची रात्रपाळी अजून संपायची होती आणि ती दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून बोलत होती. इकडे, जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या भिंतीबाहेरच्या दोन खोल्यांच्या घरात, साडेदहाचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. तेजराम जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेत होता.

“दोनशे ग्रॅम ओट्स. शंभर लोणी. शंभर गूळ, दोन चमचे मध. चार-पाच खजूर बारीक चिरून. मोहफुलं मूठभर.”

“मूठ कोनाची?”

“बाबा!” मग तिनं विचारलं, “मायनं काही खाल्लं?”

“पानी पेली दोन घोट.”

“आज पाच दिवस झाले. डॉक्टर काय म्हनले?”

“उद्या सकाळी नेऊन दाखवाचं. तोवर पोटात काही गेलं नाही, तं नाकातून नळी टाकतो म्हनले.”

“मले गुरुवारचं तिकीट भेटलं. नीट आयका आता. पंचवीस मिनिटं. कडा लाल झाल्या का काढा, मधोमध मऊ वाटलं तरी काढा. थंडं झालं का गूळ आवळते, मंग कापल्या जात नाही.”

या वड्यांना रीनाच्या तिकडे फ्लॅपजॅक म्हणत. मागच्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा घरात भट्टी नव्हती, म्हणून तिनं कुकरमध्ये वैनगंगेची रेती पसरून त्यावर डबा ठेवला होता. किसमिस नव्हते, तर आईच्या, मालनबाईच्या, माहेराहून, अड्याळहून आलेली वाळली मोहफुलं घातली होती. त्या वेळी मालनबाईच्या पोटातली गाठ नुकतीच सापडली होती. औषधांनी तिला प्रत्येक घास लोखंडासारखा लागायचा. पण त्या वड्या तिनं दोन खाल्ल्या आणि तिसरी उशाखाली ठेवली. आता औषधंही थांबली होती. तांदळाच्या कण्यांची कण्हेरी, वरणाचं पाणी, संत्र्याचा रस, सगळं करून झालं होतं. तेजरामजवळ आता हे एवढंच उरलं होतं.

त्यानं ओट्स तोलले. दोनशे एक भरले. चिमटीनं एक ग्रॅम काढला. फॅक्टरीच्या भरण विभागात त्यानं एकतीस वर्षं हेच केलं होतं. गूळ आणि लोणी वितळवायची वेळ आली तेव्हा मात्र तो शेगडीसमोर अडला. फॅक्टरीच्या फाटकावर माचिस काढून ठेवावी लागे. विड्या त्यानं नोकरी लागली त्याच आठवड्यात सोडल्या होत्या, आणि घरातली शेगडी कायम मालनबाईच पेटवायची. लायटर दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा भपकन जाळ झाला आणि तो दोन पावलं मागे सरला.

“काय करून राहिले जी?” आतल्या खाटेवरून मालनबाईचा आवाज आला. आवाज कसला, वाळल्या पानासारखी सळसळ.

“काही नाही. तू पड.”

“गुळाचा वास येते.”

तेजरामचा हात थांबला. पाच दिवसांत ती पहिल्यांदाच खाण्याच्या कशाबद्दल बोलली होती.

त्यानं मिश्रण डब्यात दाबून सपाट केलं. कुकरची शिट्टी काढली, झाकणाचं रबर काढलं. रेती दहा मिनिटं तापवली, डबा आत ठेवला, वेळ लिहिली: अकरा वाजून चार मिनिटं. आणि हात मागे बांधून उभा राहिला.

अकरा बावीसला वास बदलला. कडवट, टोचणारा. झाकणाच्या भोकातून धुराची बारीक रेघ निघाली.

तेजरामनं विचार केला नाही. पुढे झाला, शेगडीचं बटन बंद केलं, मागे झाला, घड्याळ पाहिलं. वेगळा वास, वेगळा आवाज, वेगळा रंग: बंद कर, दूर हो, अर्ध्या तासानं भोंगा होईपर्यंत जवळ जायचं नाही. पहिल्या महिन्यात धनीराम मिस्त्रीनं त्याला हे शिकवलं होतं. घाई करणाऱ्या पोरांना धनीराम म्हणायचा, “जा ना बापा, जा. पर आधी बोटं मोजून घे.” तेजराम दहा बोटं घेऊन निवृत्त झाला होता.

मागच्या दारातून शेजारच्या सुशीलाबाई आल्या. “भाऊजी, काय जळून राहिलं?”

“वड्या हायेत.”

“मंग झाकन काढा ना!”

“अजून सव्वीस मिनिटं.”

“कायले?” सुशीलाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कुकरकडे. “बॉम्ब हाये का त्याच्यात?”

बॉम्ब नाही, हे तेजरामला कळत होतं. गॅस बंद झाला तरी रेती उष्णता धरून ठेवते, हेही कळत होतं. आत गूळ करपत होता. तिकडं खाटेवर चौतीस किलोची बाई उपाशी होती. त्यानं हात पुढे केला. हात अर्ध्यावर गेला आणि तिथंच अडला, जणू तो त्याचा नव्हताच.

“तुमीच काढा वहिनी,” तो कसाबसा म्हणाला. पण सुशीलाबाई पुढे होताच त्यानंच त्यांचा पदर धरून मागे ओढलं. “नोको! नोको जाऊ!”

सुशीलाबाई चरकल्या. त्याचं तोंड घामानं भिजलं होतं. त्यांनी पदर सोडवून घेतला आणि उंबऱ्यावर बसल्या. दोघं घड्याळाकडे पाहत राहिले.

अकरा बावन्नला तेजराम सरळ पुढे झाला. झाकण काढलं. डबा उलटा केला. खालून कोळसा, वरून काळपट लाल अशी एकच फरशी खणकन ओट्यावर पडली. सुरी टेकवली तर सुरी वाकली.

“दुसऱ्यांदा करू,” सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. “मी करून देईन.”

“ओट्स नाही उरले. साकोलीहून आनले होते भाच्यानं.”

त्यानं वरवंटा घेतला. तिसऱ्या घावाला फरशी फुटली. कोळशाच्या पोटात, अगदी मधोमध, बोटभर जागा करपायची राहिली होती. तिथं लोण्यानं फुगलेलं, सोनेरी, एक मोहफूल सापडलं. एकच. त्यानं ते नखानं सोडवलं, बशीत ठेवलं आणि आत नेलं.

मालनबाईनं बशीकडे पाहिलं. “रीनाच्या वड्या?”

“हाव. जळल्या. माह्याच्यानं जळल्या.”

“भोंग्याची वाट पाहत बसले असान.” तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं तोंड उघडलं.

त्यानं फूल तिच्या जिभेवर ठेवलं. तिनं ते गालात सरकवलं आणि डोळे मिटले. तेजराम मागे सरला, भिंतीला टेकून खाली बसला. तिच्या गळ्याकडे पाहत राहिला. गिळलं तर तो गळा हलेल. त्यानं घड्याळ पाहिलं. घाई करायची नाही. जवळ जायचं नाही. बोलायचं नाही.

सुशीलाबाई दारात येऊन पाहून गेल्या. ऊन खाटेच्या पायाशी आलं. गालातला उंचवटा मधूनमधून हलत होता. गळा हलला नाही.

अर्ध्या तासानं मालनबाईनं डोळे उघडले आणि बोटानं त्याला बोलावलं. गालातून फूल काढून तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं. ते अख्खं होतं, फक्त चोखून पांढरं पडलं होतं.

“गोड होतं,” ती म्हणाली. “गिळवत नाही जी. तुमी खा. सकाळपासून काय खाल्लं तुमी?”

तेजरामनं फूल तळहातावर तसंच धरून ठेवलं.

“आन ते नळी नोको.”

“असं काहून म्हंतेस? रीना येऊन राहिली ना गुरुवारी. तोवर तरी...”

“रीना येते तोवर असली तं असली मी. नसली तं नाही.” तिनं दम घेतला. “एकतीस वर्षं भोंग्याचं आयकलं तुमी. एकडाव माहं आयका.”

बाहेर सुशीलाबाई ओट्यावरचा कोळसा गोळा करत होत्या. त्याचा खरखर आवाज येत होता. तेजरामनं ते फूल तोंडात टाकलं आणि कितीतरी वेळ चावत राहिला. शेवटी त्याचा गळा हलला. मालनबाई ते पाहत होती.

मग तो उठला. उद्यासाठी भरून ठेवलेली दवाखान्याची पिशवी दाराजवळच्या खिळ्याला टांगली होती. त्यानं ती खाली घेतली. कागदांची फाईल काढून कपाटात ठेवली, टॉवेल दोरीवर टाकला. तळाशी तिचा स्टीलचा पेला होता, काठावर टिंबाटिंबांनी ‘मालन’ असं कोरलेला. तो त्यानं ओट्यावरच्या मळक्या फडक्यानं नाही, आपल्या धुतल्या रुमालानं पुसला आणि फळीवर, आपल्या पेल्याशेजारी, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला.