लाल रंग उतरेपर्यंत

“शैलाताई, लाऊ आजोबा काहीच बोलत नाहीयेत. दोनदा विचारलं, चहा आणू का म्हणून.”

“नाहीच बोलणार! तोंड रंगवलंय ना त्यांनी? मग झालं तर.”

शैलाने चैत्रालीला दारातूनच पिटाळलं. पोरगी नवीन, तिला काय माहीत! मँचेस्टरच्या या केअर होममध्ये लाऊंचं सगळं शैलाच बघायची. तरुणपणी हाँगकाँगला चिनी संगीत नाटकांत ते लाल चेहऱ्याचा युद्धदेव व्हायचे. इथे आले आणि जन्मभर टेकअवेच्या दुकानात नूडल्स परतत राहिले. देवाचा रंग चढला की बोलायचं नाही, आणि उतरवायचा तोही आपल्याच हाताने, हा त्यांचा नेम. शैलाला तो मनापासून पटलेला. देवाची चेष्टा तिलाही खपत नसे.

आज चिनी नववर्ष. लाउंजमध्ये लाऊंचा छोटासा नाट्यप्रवेश होता. महिनाभर म्हातारा त्या एकाच गोष्टीवर जगत होता.

चैत्राली परत आली. “ताई, हातातला ब्रश पडलाय. उचलतही नाहीयेत. मॅनेजरला सांगू का?”

“अगं, देव ब्रश उचलतो होय? प्रोग्रॅम होईपर्यंत छेडू नकोस त्यांना. माझ्यावर सोड.”

जेवणं उरकल्यावर शैला स्वतः न्यायला गेली. “कम, मिस्टर लाऊ, एव्हरीबडी वेटिंग!”

ते उठले नाहीत. डोळ्यांतलं पाणी रंगावरून ओघळलं होतं. ती जवळ वाकली, तेव्हा त्या जाड लाल थराखाली तोंड एका बाजूला लोंबलेलं दिसलं. शैला दाराकडे वळून ओरडली.

“चैत्राली, अँब्युलन्स बोलव! स्ट्रोक आहे गं!”

अँब्युलन्समधल्या बाईने विचारलं, हे कधीपासून? शैलाने खरं ते सांगितलं. सकाळपासून. ही मुलगी दोनदा सांगायला आली, मीच ऐकलं नाही. सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी वॉर्डमध्ये डॉक्टर म्हणाले, खूप उशीर झालाय, वाचा परत येईल असं वाटत नाही. ते गेल्यावर नर्स चेहरा पुसायला ओला कपडा घेऊन आली.

“नको, प्लीज. त्यांचं त्यांना पुसू दे,” शैला म्हणाली.

तिने कपडा लाऊंच्या धड हातात दिला. त्यांच्या बोटांवर आपली बोटं धरली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा रंग त्यांच्याच हाताने उतरवला. खाली साधा, पांढराफटक म्हातारा निघाला.

“उतरला बघा रंग. आता बोला, लाऊ,” ती मराठीतच म्हणाली. “शिव्या द्या मला.”

लाऊंनी तोंड उघडलं. बराच वेळ ते उघडंच राहिलं.