चार जोड

सभागृहाच्या व्यवस्थापकानं अर्ज पुढे सरकवला. त्यात भरायचं फार काही नव्हतं. नाव, वय, व्यवसाय, खुर्च्या किती, पाण्याची सोय हवी की नको. शेवटच्या ओळीपाशी मात्र तिचं पेन अडलं. ‘दिवंगतांचे आवडते गाणे (एकच).’

“एकच का?” तिनं विचारलं.

“मागे एका घरातले तीन भाऊ तीन गाणी घेऊन आले आणि तिथे, त्या खांबापाशी, एकमेकांच्या अंगावर धावले. तेव्हापासून एकच,” व्यवस्थापक म्हणाला. “आणि चार मिनिटं. तुमच्या पाठोपाठ अकराची सभा आहे. चार मिनिटं झाली की मी बटण दाबतो, गाणं कुठे का असेना. मागाहून राग धरू नका.”

शनिवारी दुपारपर्यंत गाणं कळवायचं होतं. सभा रविवारी, आज बुधवार. तिनं अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते आणि या नऊ दिवसांत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं दिली होती. डॉक्टरांना, बँकेला, घरमालकाला. बाबांचं काहीही विचारायचं झालं की लोक आईला सोडून तिच्याकडेच वळत. बाबांना ओळखते ती हीच, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिनंही.

“त्यात विचार कसला करायचा?” धाकटा भाऊ म्हणाला. “दुकानाचं गाणं. अख्ख्या रस्त्याला विचार.”

रस्त्याला विचारायची गरज नव्हती. बाबा चव्वेचाळीस वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत होते. मशीन जुळवून झालं की त्यात एकच कॅसेट घालत, तिच्यातलं पहिलंच गाणं लावत आणि डोळे मिटून ऐकत. दिवसातून पाच वेळा, कधी दहा वेळा. समोरचा शिंपी म्हणायचा, “गाणं अंतऱ्यापर्यंत पोचलं की समजायचं, मशीन सुटलं. मुखड्यातच थांबलं तर गिऱ्हाइकाचं नशीब फुटलं.” सभेला शिंपी येणार होता, न्हावी येणार होता, बेकरीवाली येणार होती. ते गाणं लागलं असतं तर निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

पण तिला दुकानातल्या त्या स्टुलावर बसलेलं आठवत होतं. शाळा सुटल्यावर ती तिथेच अभ्यास करायची. गाणं चालू असताना बाबांचा चेहरा तिनं पाहिला होता. तो गाणं ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता.

गुरुवारी ती दुकानात गेली. बाबांचे भागीदार एकटेच बसले होते. अठ्ठावीस वर्षं शेजारच्या स्टुलावर काढलेला हा माणूस. तारा डाखायच्या तापल्या सोल्डरनं पिवळी पडलेली बोटं आणि त्यांवर भाजल्याचे ठिपके, म्हणून लहानपणापासून त्यांचं नाव सोल्डरकाका.

“आवडतं? त्याचं?” सोल्डरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. “अगं पोरी, त्या गाण्यात काय नाही ते सांग. खाली ढोल आहे, वर घंटी आहे, बाई आहे, बाप्या आहे, आणि मधे दीड सेकंद कुणीच नाही. त्या दीड सेकंदात मशीन घरघरतं की नाही ते कळतं. तो गाणं ऐकतच नव्हता. घरघर ऐकत होता.”

“मग आवडायचं काय त्यांना?”

“दुकान बंद झालं की शांतता आवडायची,” काका म्हणाले. “मला विचारशील तर काहीच लावू नका. पण ते लोकांना चालायचं नाही. म्हणतील, रेडिओवाला मेला आणि पोरांनी रेडिओसुद्धा लावला नाही.”

ती हसली. दहा दिवसांत पहिल्यांदाच. मग घरी येऊन तिनं बाबांचं कपाट उघडलं.

कॅसेट वाचायची कशी हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. ती ग्रंथालयात नोकरी करायची. पुस्तक हातात घेतलं की कुठल्या पानाशी वाचक थबकला हे तिला कण्यावरून समजायचं. कॅसेटचंही तसंच. खिडकीच्या उजेडात फीत थोडी थोडी बाहेर ओढायची. न वाजलेली फीत मंद तपकिरी असते. जिथे पुन्हा पुन्हा वाजली असेल तिथे मशीनच्या घासण्यानं लकाकी येते. माणूस खोटं बोलेल, फीत बोलत नाही, असं बाबा म्हणत.

दोन दुपारी ती पेन्सिलीवर चक्रं फिरवत बसली. घरात एकशे चाळीस कॅसेट होत्या. आईच्या, भावाच्या, तिच्या शाळेच्या वयातल्या. त्या सगळ्यांची लकाकी कुणामुळे हे तिला ओळखता येत होतं. बाबांची म्हणावी अशी एकही सापडेना. शुक्रवारी संध्याकाळी कपाटाच्या तळाशी, बुटांच्या पॉलिशच्या डब्यात, फडक्यात बांधलेली एक कॅसेट निघाली.

तिच्यातलं तिसरं गाणं आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. आधीची दोन गाणी कोरी करकरीत. आणि त्या एका गाण्यात फीत चार ठिकाणी जोडलेली होती.

तिनं ते लावलं. संथ चालीचं, बाईच्या आवाजातलं गाणं. संध्याकाळी एकेक खिडकी लावत जाणाऱ्या कुणाबद्दल तरी होतं. जोड आला की सूर कचकन पुढे उडी मारायचा, शब्द अर्धा तुटायचा. तिला एकदम आठवलं, आत्याच्या मुलाच्या लग्नात हेच गाणं लागलं होतं. बाबा हातातली वाटी खाली ठेवून पंगतीतून उठले आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर उभे राहिले. ती शोधायला गेली तर त्यांनी मान वळवली नव्हती.

बस. इतकं पुरे होतं. चार वेळा तुटेपर्यंत ऐकलेलं गाणं, कुणाच्या हाती लागू नये असं ठेवलेलं, आणि चारचौघांत ऐकवत नाही असं. अशा गोष्टी तिनं पुस्तकांत पुष्कळ वाचल्या होत्या. त्यामुळेच तिनं स्वतःला एकदा बजावलं, जपून. पण मन हलकं झालं होतं. आपण बाबांना ओळखत होतो.

तरीही शनिवारी सकाळी ती कॅसेट घेऊन आधी दुकानात गेली. एक खातरजमा.

सोल्डरकाकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

“हे त्याचं काम नाही.”

“घरात दुसरं कोण करणार?”

“ते मला माहीत नाही. पण तुझ्या बापाचा जोड ऐकू येत नसे. चाळीस किलोमीटरवरून लोक यायचे त्यासाठी. आणि हे बघ.” त्यांनी फीत तिच्यापुढे धरली. “तुटलेली फीत ओढली जाते, कडा लांबते, शेपटीसारखी. ही सरळ आहे. ब्लेडनं कापलीय. मधला बोटभर तुकडा काढून टाकलाय आणि उरलेलं चिकटवलंय. एकदा नाही, चारदा. ज्यानं केलं त्यानं गाण्याचं मुद्दाम वाटोळं केलंय.”

ती परतली तेव्हा भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. “ताई, बारा वाजायला आले. त्या व्यवस्थापकाचा दोनदा फोन येऊन गेला. दुकानाचंच कळवू ना?”

ती त्याच्या बाजूनं आत गेली. आई पोळ्या लाटत होती. तिच्या शेजारी ओट्यावर तिनं कॅसेट ठेवली.

आईचं लाटणं थांबलं.

“ही कुठे मिळाली?”

“पॉलिशच्या डब्यात. आई, ही बाबांची ना? त्यांचं आवडतं गाणं?”

“आवडतं?” आईनं पिठाचे हात पदराला पुसले, जे ती कधी करत नसे. “अगं, तिटकारा होता त्यांना त्या गाण्याचा. ते लागलं की रेडिओच बंद करायचे. तुझ्या आत्याकडच्या लग्नात नाही का उठून गेले जेवण टाकून?”

“मग हे इतकं वाजवलं कुणी?”

“त्यांनीच. तुझ्यासाठी.” आई खाली पाटावर बसली. “तू अडीच वर्षांची होतीस. मूत्रपिंडं सुजली होती. तोंड असं फुगलेलं, डोळे उघडायचे नाहीत. चार औषधं होती, एकापेक्षा एक कडू. सकाळी चार चमचे, संध्याकाळी चार. तू दात मिटून घ्यायचीस आणि मग देव आला तरी उघडत नव्हतीस. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोटात गेलं नाही तर पोर हातची जाईल.”

भाऊ दारातून आत आला होता. ही गोष्ट त्यालाही कुणी सांगितलेली नव्हती. ‘लहानपणी ताईला बरं नसायचं’, एवढ्यावर घरात तो विषय संपत असे.

“एकदा गाणं चालू असताना फीत तुटली,” आई म्हणाली. “ह्यांनी घाईघाईत इथेच बसून साध्या चिकटपट्टीनं जोडली. लावली तर गाणं असं टुणकन उडालं. आणि तू हसलीस. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तोंड उघडलंस तेवढ्यात मी चमचा आत सारला. दुसऱ्या दिवशी हे तीच कॅसेट नवी विकत घेऊन आले, म्हणाले फाटकंतुटकं कशाला ऐकवायचं पोरीला. नवी लावली. गाणं सरळ गेलं. तू दात मिटलेस.”

“मग?”

“मग काय. कितीतरी वेळ नुसते बसून राहिले कॅसेटकडे बघत. आयुष्यात कधी वाईट जोड दिला नव्हता त्या माणसानं. शेवटी ब्लेड काढलं आणि नवीकोरी कॅसेट चार ठिकाणी कापली. चार औषधं, चार उड्या. मी चमचे भरून तयार ठेवायची आणि हे सांगायचे, आता. सहा महिने, दिवसातून दोनदा. तू हसायचीस आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळायचा. एखाद्या वेळी हसली नाहीस तर, म्हणून.”

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा भावानं गॅस बंद केला.

“तू आधी का नाही सांगितलंस?” तिनं विचारलं.

“मला विचारलंत कुठे तुम्ही? दोघं वकिलासारखे वाद घालत होता.” आईनं पदरावरचं पीठ झटकलं. “आणि त्यांचं आवडतं गाणं मलाही ठाऊक नाही. पंचेचाळीस वर्षांत कधी विचारलं नाही. गाणं म्हणजे दुकान, असं वाटायचं.”

तिनं आपला हा लहानपणचा आजार आठवून पाहिला. काहीच आठवेना. चमचा नाही, कडू चव नाही, हसू नाही. बाबांच्या कपाळावरचा घाम तर नाहीच. सगळं होऊन गेलं होतं आणि तिच्याकडे त्यातलं काहीही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी आपण बाबांना ओळखतो असं तिला वाटलं होतं, ते एका दिवसाच्या आत ओसरलं होतं.

“दुकानाचं कळवतो मग,” भाऊ हळूच म्हणाला.

“नको. हे.”

“ताई, त्यांना नकोसं झालेलं गाणं त्यांच्याच सभेत? उठून जायचे ते.”

“आवडतं कुठलं ते मला सापडलं नाही,” ती म्हणाली. “हे सापडलं.”

तिनं पर्समधून अर्ज काढला, शेवटच्या ओळीतल्या ‘आवडते’ या शब्दावर रेघ मारली आणि पुढे गाण्याचं नाव लिहिलं. भावानं ते पाहिलं. मग म्हणाला, “मी मोबाईलवर काढतो, स्वच्छ मिळेल.” ती त्याच्याकडे बघत राहिली तेव्हा त्यानं मोबाईल खिशात ठेवला.

व्यवस्थापकाला रेघेचं काही वाटलं नाही, कॅसेटचं वाटलं. “आमच्याकडे हे वाजवायचं यंत्र नाही. आणि मधे मधे तुटतंय म्हणता? लोक म्हणतील हॉलचं मशीन बिघडलं.”

“मशीन आम्ही आणू. आणि ते चार मिनिटं दहा सेकंदांचं आहे.”

“चार म्हणजे चार,” व्यवस्थापक म्हणाला.

रविवारी सकाळी सोल्डरकाका दुकानातलं सगळ्यात चांगलं मशीन फडक्यात गुंडाळून घेऊन आले. तिनं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. बोटानं फडक्याची गाठ सोडायचे, पुन्हा बांधायचे. शेवटी एवढंच म्हणाले, “मला अठ्ठावीस वर्षांत बोलला नाही, लेकाचा.”

सभेत शिंपी बोलला, आत्या बोलली. मग गाणं लागलं. दुकानाच्या गाण्याची वाट बघणाऱ्या लोकांमध्ये थोडी चुळबुळ झाली. पहिला जोड आला तेव्हा बऱ्याच माना मशीनकडे वळल्या. दुसऱ्याला न्हाव्यानं बेकरीवालीकडे पाहिलं. रेडिओवाल्याच्या सभेत बिघडलेली कॅसेट, ही गोष्ट कुणाला पटण्यासारखी नव्हती. ती आईशेजारी बसली होती. प्रत्येक उडीच्या आधी आईचा हात किंचित वर उचलला जातोय, हे तिनं पाहिलं. आईला ते ठाऊक नसावं. तिसऱ्या जोडाला तिनं तो हात आपल्या हातात घेतला.

व्यवस्थापक घड्याळाकडे बघत पुढे आला. चार मिनिटं झाली होती. त्यानं बटणाकडे हात नेला, तेव्हा मशीनशेजारी उभ्या असलेल्या सोल्डरकाकांनी आपला भाजल्याच्या ठिपक्यांचा पंजा बटणांवर पसरून ठेवला.

“साहेब, दम धरा,” ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. “अजून एक जोड यायचाय.”